मायेचं पाणी

१२ एप्रिल

प्रिय दादा,

नमस्कार. खरं तर थोरल्या भावाच्या पाया पडायचं, पण तुझा पाय अजून प्लास्टरमध्ये आहे, तेव्हा लांबूनच बरं. ताईकडे आराम करतोयस की तिला भाजी कशी चिरायची ते शिकवतोयस? वहिनीचा फोन आला होता. म्हणाली, "ताई कंटाळल्यात, पण बोलत नाहीत."

इकडे ठीक. कारखान्यात तुझ्या रंगाच्या हौदांवर मीच उभी राहते. निळा अजून तुझ्यासारखा जमत नाही, मालकांनी तोंडावर सांगितलं.

ऑफिसातल्या त्या नव्या स्क्रीनचं बॉयलरवाल्या काकांनी बारसं केलंय. नाव 'सासू'. कुठल्या हौदात किती पाणी गेलं, कसं बाहेर आलं, वाफ कुठे वाया गेली, सगळं तिला कळतं. चुकलं की लाल होते. पहिल्यांदा सापडले काकाच. त्यांच्या वाफेच्या पाइपला गळती होती. "घरी एक आहेच, इथेही आणलीत!" म्हणाले. पण पाइप दुरुस्त केला, आणि आता कोळसा कमी लागतो म्हणून तेच सगळ्यांना ऐकवत फिरतात.

विहीर मात्र फार खाली गेली होती. मोटार नुसती हवा ओढायची. मालक म्हणाले, असंच चाललं तर ऐन उन्हाळ्यात कारखान्याला कुलूप आणि आपण सगळे घरी. मागच्या गल्लीतल्या विहिरीही आटल्या. झरा एकच ना! तिथल्या बायका आपल्या फाटकाकडे बघून काय बोलायच्या, ते लिहीत नाही.

एवढं पाल्हाळ लावलंय म्हणजे मी काहीतरी टाळतेय, हे तू ओळखलंच असशील. लहानपणीही कप फुटला की मी आधी अभ्यासाचं सांगायचे.

दादा, मी मायेचं पाणी बंद केलंय.

"तीन पाणी कामाचं, चौथं मायेचं. कापड कुणाच्या तरी अंगाला लागणार आहे," असं म्हणत बाबा रंगवलेलं कापड चौथ्यांदा खळबळायचे. त्यांच्यामागे तू ती रीत एकदाही मोडली नाहीस. सासू आली त्या दिवशी मला बजावलंस, "बाकी काय मोजायचं ते मोज. त्या पाण्याला हात लावलास तर माझं तोंड बघू नकोस." म्हणून तर फोन न करता पत्र लिहितेय.

स्क्रीनवर रोज दिसत होतं, चौथं पाणी जसं जातं तसंच नितळ बाहेर येतं. तरी माझं मन घेईना. तीनच पाण्यांतून काढलेला तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासला. त्याचाच माझ्या चिंगीला फ्रॉक शिवला आणि घामाघूम होईस्तोवर तिला हुंदडू दिलं. जराही रंग उतरला नाही. बाबांच्या वेळचे रंग कच्चे होते रे, तेव्हा ते पाणी लागायचंच. बाबा चुकले नव्हते. रंग बदललेत.

मग हौदातलं कापड चौथं पाणी न देता वर काढलं आणि मला रडू फुटलं. बाबा पुन्हा एकदा गेल्यासारखं वाटलं. काकांनी स्टूल आणून दिलं आणि बॉयलरकडे निघून गेले.

विहीर सावरतेय. मागच्या गल्लीतही पाणी चढलंय. आपलं कापड त्याच बायका अंगावर घालतात, दादा. बाबांची माया त्यांच्यासाठीच होती ना? आता ती त्यांच्या बादलीत पडते, असं मी मनाला समजावते. तुझ्या मनाला पटेल का, ते मला माहीत नाही.

मालकांना ही पद्धत कायमची हवी आहे. मी म्हटलं, मुख्य रंगारी परत येऊन हो म्हणेल तेव्हाच. त्यांनी विचारलं, "तो येईल का?" म्हटलं, पत्र लिहून विचारते.

रागव, शिव्या दे, पण इथे येऊन दे. तुझ्या जागी दुसरा कुणी उभा राहिलेला मला बघवणार नाही. माझं तोंड बघायचं नसेल, तर मी भिंतीकडे तोंड करून काम करीन. तू ये.

तुझीच,
धाकटी