रिमवरचे तेल-कुंकू

दि. ३० ऑक्टोबर २००४

प्रिय जयरामराव,

साष्टांग नमस्कार. (आठांपैकी डावा गुडघा सध्या रजेवर आहे, कारण पुढे येईल.) वहिनींची कंबर आता कशी आहे?

प्रथम तक्रार. आपल्या संदेशने टाकून दिलेली डोंगरी सायकल आपण भाचीसाठी पाठवलीत, उपकार झाले; पण त्या सीटला सीट म्हणणे हा भाषेवर अन्याय आहे. शास्त्रात चौऱ्याऐंशी आसने आहेत, हे पंच्याऐंशीवे.

नम्रताचे कल्याणला नर्सिंग सुरू झाले आणि त्याच महिन्यात गावातली सकाळची बस बंद झाली. आटगाव स्टेशन सहा किलोमीटर. जीप भरल्याशिवाय हलत नाही, म्हणून पोरीचा पहिला तास रोज बुडतो. तेव्हा सायकल रस्त्याला लावायचे ठरले. टायरांचे दात पाहून कोंडू पंक्चरवाला म्हणाला, "गुरुजी, ही सायकल नाय, ट्रॅक्टरचं पिल्लू हाय!" त्याने गुळगुळीत टायर चढवले, मडगार्ड, कॅरिअर, ओढणी अडकू नये म्हणून चेनकव्हर बसवले आणि अठरा गिअरांपैकी सहा जिवंत ठेवले. (बाकीचे त्याच्या मते 'निस्ता दिखावा'.)

दसऱ्याला पूजा अर्थातच माझ्याकडे. दोन्ही रिमांना मी तेलात कालवलेल्या कुंकवाची बोटे ओढली, समंत्रक, सढळ हाताने. या जातीच्या सायकलीचे ब्रेक नेमके रिमलाच धरतात, हे कुठल्याच मंत्रात आलेले नाही. पहिली फेरी वडीलधाऱ्याने मारावी म्हणून मीच निघालो. उतारावर ब्रेक दाबले. ते भक्तिभावाने घसरत राहिले. मी थेट भिमीच्या शेतात, कापलेल्या भाताच्या भाऱ्यांत. विळा कमरेला खोचून ती म्हणाली, "घुसलाच हाव गुरुजी, तं झोडून बी जा!" कोंडूने रिम साबण-सोड्याने धुतले. नम्रता एवढेच म्हणाली, "बाबा, पूजा झाली असेल तर आता मी जाऊ?"

आपला,
अनंता

ता. क. सायकल आठ दिवसांपासून उत्तम चालते. रोज सकाळी काहीतरी बिघाड मीच करून ठेवतो. कालचा कॅरिअरचा बोल्टही मीच सैल केला होता. पोर मुकाट्याने जीपची वाट बघते. हजेरी अशीच भरली, तर तिला परीक्षेला बसू देणार नाहीत.

ता. क. २. स्टेशनच्या अलीकडे हायवे ओलांडावा लागतो. ट्रक कुणासाठी थांबत नाहीत. मला भीती वाटते, जयरामराव, आणि हे मी तिला सांगू शकत नाही. पुढच्या सोमवारी पहाटेपर्यंत या. पहिल्या दिवशी तिच्याबरोबर मामाने ओलांडावे. माझ्याने ते बघवणार नाही.