दुपारची गोळी

झरी, ५ डिसेंबर १९५६

प्रिय भागूआक्का,

आधी हे सांगतो की आबा आहेत. एवढं वाचून खाली बैस, मग पुढचं वाच.

दिवाळीला तू त्यांचे पिवळे डोळे बघून सोनपेठला गेलीस, त्यानंतर पोटातलं दुखणं फारच वाढलं. परभणीच्या डॉक्टरांनी यकृत खराब झाल्याचं सांगितलं आणि दुखण्यावर अफूच्या गोळ्या दिल्या. बारा तासांनी अर्धी, त्याहून जास्त नाही. आपल्या घरात घड्याळ कुठलं? मी पडलो मास्तर, शहाणपणा केला. मायला म्हणालो, मेंढरं सुटली की अर्धी, परतली की अर्धी. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन शाळेत गेलो.

पुढच्याच आठवड्यात मेंढ्या व्यायला लागल्या. कोकरं घरी, म्हणून सटवाजीकाका दुपारी मेंढरं त्यांना पाजायला आणतात आणि पुन्हा सोडतात. लहानपणी कोकरू कुणी धरायचं यावरून तू माझे कान पिळायचीस, आणि तेच मी विसरलो. मायनं मात्र माझा शब्द पाळला. कळप सुटला की अर्धी, आला की अर्धी. दिवसाच्या चार झाल्या. आबांना झोप लागू लागली तशी ती हरखली. "लय दिसानं गुण आलाय," असं शेजारीपाजारी सांगत होती. चौथ्या दिवशी आबांनी मला ओळखलं नाही.

बैलगाडीत घालून परभणी गाठली. थकलेल्या यकृताला औषध लवकर निपटत नाही, ते अंगात साचत जातं, असं डॉक्टर म्हणाले. चार दिवसांनी आबा शुद्धीवर आले आणि कोकरं किती झाली ते विचारलं. मी दवाखान्याच्या ओट्यावर बसून रडलो.

आता डॉक्टरांनी गोळी पुन्हा लिहून दिलीय, पहिल्यापेक्षा कमी. आधी हाक मारायची, नीट बोलले तरच द्यायची, गुंगी दिसली तर नाही. पण माय गोळ्यांच्या डबीला हात लावत नाही, मलाही लावू देत नाही. "म्या न्हाई मारायची त्यास्नी," म्हणते. चूक माझी, हे दहादा सांगितलं. तिला वाटतं, लेक तिच्यासाठी खोटं बोलायलाय. आबांना तिचं मन कळतं. कण्हणं तिला ऐकू जाऊ नये म्हणून ते घोंगडीचा काठ दातात धरून पडतात.

म्हणून लिहितोय. मिळेल त्या गाडीनं ये. दारातच मला धर, मायसमोर चांगल्या शिव्या घाल, कान पीळ. तुझं तिला पटेल. मग डबी तिच्या हातात दे.

तुझाच कान पिळलेला,
मल्हारी