हिराची गुणसूत्रं

हडपसर, पुणे

प्रिय आई,

सविनय जय भीम. मी आणि हिरा मजेत आहोत. इथलं पाणी तिला मानवलंय. तुझे गुडघे कसे आहेत?

काल हिराला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तिच्या रक्तातली गुणसूत्रं कॉम्प्युटरवर दाखवली. सगळ्यांची जोडीजोडीने असतात, हिराला एका ठिकाणी तीन आहेत. यालाच डाउन सिंड्रोम म्हणतात. डोळ्यांना न दिसणारा तो तुकडा बघून मी थक्कच झालो. हिराच्या वेळी पोटुशी असताना तू ताप अंगावर काढलास, त्याचा याच्याशी काहीही संबंध नाही. मी दोनदा विचारून घेतलं.

परदेशात असंच जास्तीचं गुणसूत्र असलेले उंदीर आहेत म्हणे. औषध दिल्यावर त्यांना वाट लक्षात राहू लागली! माणसांसाठी औषध अजून नाही. कधी येईल, बाईंनाही सांगता आलं नाही. पण इतक्या लांब कुणीतरी आपल्या हिरासारख्यांसाठी झटतंय, याचं नवल अजून ओसरत नाही.

हिरा सगळं ऐकत होती. निघताना तिने विचारलं, "बाई, मग उंदीर घरी गेला?"

बाई चष्मा काढून तिच्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं गं."

तुझा,
अनिरुद्ध