नवव्या प्रश्नाचं उत्तर

प्रिय चिमणे,

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. सहा वर्षांत तुझ्या हातचं एक अक्षर नाही, आणि आलं ते हे असलं. आधी मी सवयीनं लाल पेन शोधलं, कारण 'निर्णय'मधला 'नि' तू अजूनही दीर्घ काढतेस. मग दुसऱ्यांदा वाचलं आणि पेन खाली ठेवलं. तू लिहितेस, बाबांना सगळं माहीत होतं, परीक्षेत वीसपैकी वीस होते, त्या टाकीत जीव जातो हे ठाऊक असून ते उतरले, म्हणजे ठरवूनच उतरले. आणि का उतरले तेही तू शोधून काढलंयस. आदल्या संध्याकाळी तू त्याला म्हणालीस की ते निळे हात घेऊन माझ्या कॉलेजच्या कार्यक्रमाला येऊ नका, मला लाज वाटते. अगं बये, हे तू सहा वर्षं पोटात ठेवलंस! मला एका शब्दानं बोलली नाहीस. आणि वर ती शेवटची ओळ, की बाबांचा आता राग येत नाही, त्यांनी जे केलं ते मला समजायला लागलंय. 

चिमणे, तुझं गणित साफ चुकलंय. चूक तुझी नाही, तुला दिलेला आकडाच खोटा होता. ते वीस गुण मी दिले होते. कसे दिले ते सांगते. मधेच पत्र फाडू नकोस, तुझं डोकं किती पटकन तापतं ते मला ठाऊक आहे.

माझी शाळा तुला आठवत असेल. बावीस वर्षं मी तिथं विज्ञान शिकवलं. सातवीच्या वर्गाला दर वर्षी एक प्रयोग दाखवायचे. भांडी घासायच्या लोखंडी तारेचा ओला बोळा काचेच्या नळीच्या तळाशी कोंबायचा, नळी पाण्याच्या ताटलीत उपडी ठेवायची आणि दोन दिवस हात लावायचा नाही. तार गंजते आणि नळीत पाणी आपसूक वर चढतं, कारण गंजता गंजता लोखंडानं आतला प्राणवायू खाल्लेला असतो. मग नळीच्या तोंडावर अंगठा दाबून ती सरळ करायची आणि आत जळती काडी न्यायची. फट्कन विझायची. पोरं बाकावर उभी राहायची. दहा पोरांपैकी दोघांच्या जरी डोक्यात प्रकाश पडला तरी मला त्या दिवशी जेवण गोड लागायचं. पुढे पट घसरला, शाळेला कुलूप लागलं, आणि तुझ्या बाबानं रदबदली करून मला त्याच्या कापड रंगवायच्या कारखान्यात चिकटवलं. कामगारांची परीक्षा घेणारी बाई म्हणून.

सरकारी तपासनिसांनी कारखान्याला नियम घालून दिला होता. धोक्याच्या कामावरच्या माणसाला रोजच्या व्यवहारातलं विज्ञान कळतं की नाही हे दर वर्षी तपासायचं आणि निकाल फायलीला लावायचा. वीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. बर्फ पाण्यावर का तरंगतो, ओल्या हातानं विजेचं बटण का दाबू नये, वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून का येतो. प्रश्न मीच काढायचे, मीच तपासायचे. पहिल्या वर्षी मी जीव तोडून शिकवलं. जेवणाच्या सुट्टीत, रंगाच्या पिंपांमधल्या बोळात, घमेलं उपडं घालून त्यावर फळा उभा करायचे. अर्धी माणसं जेवण हातात घेऊन ऐकायची आणि अर्धी पेंगायची. चाळीसपैकी एकतीस नापास झाले. मॅनेजरनं मला बोलावून घेतलं. म्हणाला, बाई, नापास माणूस मला टाकीत उतरवता येत नाही आणि टाकी साफ केल्याशिवाय कारखाना चालवता येत नाही, तेव्हा तुम्हीच काय ते बघा. त्यानं आवाज चढवला नाही की धमकी दिली नाही. काय समजायचं ते मी समजले.

दुसऱ्या वर्षी मी पर्यायांचा क्रम असा लावला की बरोबर उत्तरांची अक्षरं ओळीनं वाचली तर शब्द होतात. अकड कडक, बडबड बकबक, कडकड अब. मोजून बघ, बरोबर वीस भरतात. केवढी हुशारी वाटली होती मला स्वतःची! दोन दिवसांत ते पिंपापिंपावर पोहोचलं. कापड पिळताना माणसं त्याच्या ठेक्यावर हात चालवायची आणि मला बघून हसायची. चाळीसच्या चाळीस पास. मॅनेजरनं मला खिडकीजवळचं टेबल दिलं.

तुझा बाबा, आमचं शेंडेफळ, पहिल्या वर्षी सहा गुणांवर आपटला होता. पुन्हा आपटला असता तर कामावरून गेला असता. तुझी आई जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती, तू बारावीत, त्याला दुसरं काही येत नव्हतं. वाचायला दुकानाच्या पाट्यांपुरतं आणि लिहायला सहीपुरतं. मी त्याला आठवडाभर संध्याकाळी घरी बोलावलं. ताटाशेजारी कागद ठेवायचे आणि तो बोटानं ठेका धरून घोकायचा. पण त्याला मेल्याला नसत्या चौकशा फार. बर्फाचं विचार, विजेचं विचार. एकदा नवव्या प्रश्नावर अडला. तो प्रश्न असा होता: बंद जागेत सोडलेला दिवा विझला तर काय समजावे? अ, तेल संपले. ब, आत श्वास घेण्याजोगी हवा नाही. क, वात ओली आहे. ड, आत वारा आहे. मला म्हणाला, ताई, यातलं खरं काय गं, दिवा का विझतो? चिमणे, ज्या गोष्टीवर मी बावीस वर्षं टाळ्या घेतल्या ती माझ्या सख्ख्या भावानं मला विचारली. आणि माझी पोळी तव्यावर करपत होती, पाय दुखत होते, दुसऱ्या दिवशी चाळीस पेपर तपासायचे होते. मी म्हटलं, तुला काय करायचंय? ब वर खूण कर आणि गिळ मुकाट्यानं. तो हसला आणि जेवला.

त्याला वीसपैकी वीस पडले. तुला त्यानं तो कागद दाखवला असेल, मलाही तीनदा दाखवला, जणू मी तो पहिल्यांदाच बघत होते. त्या वीस गुणांवर पुढच्या वर्षी त्याची पिंपांवरून टाकीवर बदली झाली. रंगखात्यामागं जमिनीत गाडलेली ती लोखंडी टाकी, वर माणूस जेमतेम शिरेल एवढं झाकण. सहा-सहा महिने बंद, आत ओल आणि चारी बाजूंनी गंज. म्हणजे माझीच काचेची नळी, फक्त माणूस मावेल एवढी. तिथली हवा मोजायचं यंत्र मॅनेजरच्या कपाटात खोक्यासकट पडून होतं. ते खराब होऊ नये म्हणून जुन्या पद्धतीनं दोरीला कंदील बांधून आधी आत सोडायचे. कंदील का सोडायचा, हे त्याला कुणी सांगितलं नाही. मुकादमानं एवढंच विचारलं की पेपर दिलायस ना? दिलाय म्हटल्यावर विषय संपला.

त्या सकाळी कामावर चढण्याआधी तो माझ्या टेबलाशी आला होता. हे मी कुणालाच सांगितलं नाही, कारण त्याचा अर्थ मला काल तुझ्या पत्रानं कळला. मला म्हणाला, ताई, तुझ्या विज्ञानात हाताचा निळा रंग घालवायचं काही आहे का? पोरीच्या कार्यक्रमाला जायचंय, पहिल्या रांगेत बसायचंय. तू त्याला येऊ नका म्हणाली होतीस हे त्यानं मला जाणवूसुद्धा दिलं नाही. त्याला लागलं नसेल असं मी म्हणत नाही, खोटं कशाला सांगू? पण मार्ग काढून बसला होता तो. मी सांगितलं, लिंबू आणि मीठ घासून बघ. दुपारी जेवणाच्या सुट्टीत आणतो म्हणाला. दुपार त्याला मिळालीच नाही.

दोरी धरायला जो माणूस होता त्यानं तिसऱ्या दिवशी मला सगळं सांगितलं. कंदील अर्ध्यावर गेला आणि विझला. तुझ्या बाबानं च् केलं, म्हणाला वात ओली असेल, खिशावर हात मारून काडेपेटी आहे का बघितली आणि शिडीवरून उतरला. दोरीवाल्यालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. त्याला माझ्या पेपरात एकोणीस होते. चौकशीत त्याला दोनच गोष्टी विचारल्या. दिवा विझला होता का? होता. तरी उतरला का? उतरला. पुढचं तो सांगायला लागला तर म्हणाले, विचारलं तेवढंच बोला. मग मला बोलावलं. उमेदवारास विषयाचे पूर्ण ज्ञान होते, असं टाइप केलेला कागद समोर होता. खाली माझी सही हवी होती.

मी सही केली, चिमणे. वळणदार अक्षरात केली. जर म्हटलं असतं की त्याला काहीच येत नव्हतं, तर चाळीस खोटे निकाल बाहेर आले असते, मी आत गेले असते आणि तुला बघणारं कुणी उरलं नसतं. असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मी घाबरले होते. त्या सहीच्या जोरावर त्यांनी लिहिलं की मयत जाणूनबुजून उतरला. मला वाटलं, कागदावरचे शब्द आहेत, फायलीत पडून राहतील. ते तुझ्या मानगुटीवर बसलेत हे मला कळलं नाही. तू कॉलेज सोडून त्या चष्म्याच्या दुकानात जाऊन बसलीस, फोन उचलेनाशी झालीस, तेव्हा मी म्हटलं, दुःख आहे, ओसरेल. मी तुझ्यापासून तोंड लपवत होते आणि तू माझ्यापासून.

आता ऐक. त्याला आंघोळ घातली तेव्हा त्याची उजवी मूठ मी उघडली. कापडखात्यातली सवय, जळकी काडी कधी खाली टाकायचा नाही, हातात धरून ठेवायचा. मुठीत तीन काड्या होत्या. तिन्हींचं गुल जळालेलं आणि खालचं लाकूड कोरं. गुलाला पेटायला लागतं ते त्याच्यातच असतं, म्हणून ते कुठंही भडकतं, पण लाकडाला बाहेरची हवा लागते आणि ती आत नव्हती. एक काडी ओढली, विझली. दुसरी ओढली, तीही विझली. तेवढ्यात गरगरायला लागलं असणार, तरी त्यानं तिसरी ओढली. टाकीतून काढलेल्या कंदिलाची काच वर सरकवलेली होती. जीव द्यायला गेलेला माणूस कंदील लावत बसतो का गं? तो काम करायला उतरला होता. दिवा विझला म्हणून लावायला गेला, कारण विझलेल्या दिव्याचं त्याला एवढंच कळत होतं, आणि बाकीचं मी त्याला सांगितलं नव्हतं.

हे सगळं लिहून आज सकाळी तपासनिसांच्या कार्यालयात दिलंय, पोच घेतलीय, इतकी वर्षं जपलेल्या त्या काड्याही त्यांच्या हवाली केल्यात. माझं व्हायचं ते होवो. पण त्यासाठी हे पत्र लिहिलेलं नाही. काल तुझं पत्र वाचल्यापासून तुझा फोन बंद आहे. तुझ्या दुकानात फोन केला तर म्हणाले, तीन दिवस आली नाही. मी मिळाली ती गाडी धरली. अक्षर वाकडं आलंय ते सगळं गाडीत लिहिलंय, कारण समोर उभी राहून हे बोलायचं माझं धाडस झालं नसतं. तुझ्या घरमालकिणीकडे दुसरी किल्ली मागितली, ती शोधायला गेलीय. तोवर मी तुझ्या दाराबाहेर तिसऱ्या मजल्याच्या जिन्यावर बसलेय आणि हे कागद दाराखालून आत सरकवतेय. दार उघडायचं नसेल तर नको उघडूस. शिव्या घाल, पुन्हा तोंड दाखवू नकोस म्हण, मी निघून जाईन. पण आवाज दे.

तुझीच,
आत्या