अभ्यासाला शेजारी कोण बसतं

बाई,

तुम्ही गेलात तेव्हा मी डी.एड.ला होते. परीक्षा चालू होती, त्यामुळे आपल्या गावी, बेलापूरला यायला जमलं नाही. आता मीही प्राथमिक शिक्षिका आहे, पारनेर तालुक्यातल्या एका लहानशा गावात. शाळेत आम्ही दोघंच. पहिली-दुसरी सर घेतात, तिसरी-चौथी माझ्याकडे. मुलं मला मॅडम म्हणतात. यंदा माझ्या तिसरीतल्या एका मुलीचं जे झालं ते घरी सांगून झालं, सरांना सांगून झालं. सगळे म्हणाले, आपण तरी काय करणार. ते काही खोटं नाही. पण तुम्ही तसं म्हणून उठून गेला नसतात, म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे.

तुम्ही दिवेलागणीला आमच्या आळीतून फिरायचात. हातात छडी नसायची, पिशवी असायची भाजीची, पण तुमची चप्पल वाजली की पोरं धावत घरात. तुम्ही दारातूनच विचारायचात, ‘कुठं बसते ही अभ्यासाला?’ आमच्या आईने सांगितलं, ‘बाई, घरात बसायला जागाच न्हाई.’ तुम्ही आत आलात, स्वयंपाकघरात नजर फिरवली, कोपऱ्यातला पिठाचा डबा दोन्ही हातांनी उचलून दुसरीकडे ठेवला आणि तिथे पोतं अंथरलंत. ‘ही तिची जागा. रोज इथंच, रोज याच वेळेला. थोडंच करायचं, पण चुकवायचं नाही. झालं की उद्याचं दप्तर भरायचं आणि खेळायला पळायचं.’ आईने मान डोलावली. मला मात्र तुमच्याकडून शाबासकी हवी होती, म्हणून एका रविवारी मी दिवसभर बसून अख्खे धडे उतरवले आणि सोमवारी तुमच्यापुढे वही धरली. तुम्ही पानं उलटलीत आणि वर्गासमोर विचारलंत, ‘आठ दिवसांचं जेवण एका दिवशी जेवलीस का गं कधी?’ सगळे हसले. मी जागेवर जाऊन रडले. आज माझ्या वर्गात हेच वाक्य मी बोलते, फक्त एकेकाला जवळ बोलावून, हळू आवाजात.

आणि ते दिवस, बाबा गेल्यानंतरचे. बाबा उसाच्या ट्रॅक्टरवर होते, ट्रेलर उलटला. दहावा उरकला आहे, घर बायकांनी भरलेलं आहे, मी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पडले आहे आणि तुम्ही येता. आत्या तुमच्यावर खेकसते, ‘पोरीचा बाप गेलाय, आन तुमी अभ्यास काय घेऊन आलाव?’ तुम्ही पिशवी दाराशी ठेवता. पोत्यावर माझ्याशेजारी बसता आणि म्हणता, ‘लिहू नकोस पोरी. नुसती बस.’ आपण बसतो. आई चुलीपुढे भाकरी थापते आहे, तिचे डोळे गळताहेत, आणि तुम्ही भिंतीला टेकून गप्प बसला आहात. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्याही. मला तुमचा मनातून फार राग आला होता. मग एका संध्याकाळी माझा मीच पेन्सिलीला हात घातला, आणि त्यानंतर तुमचं येणं हळूहळू कमी झालं. तोवर माझं मला बसता यायला लागलं होतं.

यंदा शाळा उघडल्यावर मी पालकांची सभा घेतली. हल्ली मुलं हातात मोबाईल घेऊन लोळत बसतात, दहा मिनिटं एका जागी टिकत नाहीत. मी तुमचंच सांगितलं. जागा एक, वेळ एक, थोडं पण रोज, आणि घरातल्या कुणीतरी शेजारी बसायचं. सभेला आयाच जास्त होत्या. एक म्हणाली, ‘आमाला कुठं येतंय शिकवाया?’ तेव्हा मागे बसलेली एकजण उठली. कडेवर रांगतं बाळ, अंगावर कांद्याच्या रानातली माती. म्हणाली, ‘मला बी वाचता येत न्हाई. पन बसता येतं की.’ तिचीच मुलगी माझ्या तिसरीत. तिला तोवर जोडाक्षरं दिसली की घाम फुटायचा.

ती बाई खरंच बसायला लागली. शाळा सुटल्यावर गाडीवरून जाताना मला त्यांचा ओटा दिसायचा. पोरगी पुस्तक मांडीवर घेऊन मोठ्याने वाचते आहे, शेजारी आई धान्य निवडते आहे, बाळ सुपाशी झटापट करतं आहे. मधेच आई म्हणायची, ‘परत वाच, मला न्हाई कळलं.’ मुलगी परत वाचायची. आईला खरंच कळत नव्हतं की तो तिचा डाव होता, ते मला कधी विचारता आलं नाही. श्रावण लागेपर्यंत ती पोर वर्गात आपणहून हात वर करायला लागली होती.

भादव्यात ती बाई गवत कापायला बांधावर गेली आणि तिला साप चावला. गाडी मिळून दवाखान्यात नेईपर्यंत वाटेतच गेली.

तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले. माणसं अंगणात बसली होती. दिवस कलायला लागला तशी ती पोर उठली, आतून दप्तर घेऊन आली आणि ओट्यावर तिच्या जागी जाऊन बसली. चुलतीने हातातलं पुस्तक हिसकावलं. ‘आई मेली, आन हिला पुस्तकं सुचत्यात! काळीज हाय का दगूड?’ पोरगी घाबरून म्हणाली, ‘आईनंच सांगितलंय, चुकवायचं न्हाई.’ मी उठले, चुलतीच्या हातातून पुस्तक घेतलं आणि ओट्यावर तिच्या शेजारी जाऊन बसले. तिला म्हटलं, वाचू नकोस, नुसती बस. बाई, त्या क्षणी मला वाटलं, मला मार्ग माहीत आहे. माझ्यावर हा प्रसंग येऊन गेला आहे, यातून मूल कसं बाहेर काढायचं ते मला कुणीतरी शिकवून ठेवलं आहे.

मी रोज जात राहिले. ती बसायची, पण पुस्तक उघडायची नाही. मी वाट बघत होते, तुम्ही बघितलीत तशी. मग एका संध्याकाळी तिच्या वडिलांनी मला अंगणातच थांबवलं. माणूस वाईट नाही, दुधाच्या टेम्पोवर असतो, पहाटे जातो तो दुपारी येतो. खाली बघत म्हणाला, ‘मॅडम, बारकं रातभर रडतंय. मी कामाला गेल्यावर त्याला कोन बघनार? दोघांना आजोळी ठिवतो. अकोल्याकडं, डोंगरात.’

मी म्हटलं, ‘बाळाला ठेवा. हिला तरी इथं राहू द्या. मी बघते हिच्याकडे.’

‘आन बाळाकडं? आजी रानात जाती. ही हाय म्हनूनच तर तिकडं जमंल.’ मग म्हणाला, ‘तिथं बी शाळा हाय की.’

तिचा दाखला मीच लिहिला.

भातकापणी उरकत आली तेव्हा मी तिला बघायला गेले. दोन एसट्या बदलून आमच्याच जिल्ह्यातलं अकोले, तिथून जीप. घर उतारावर, पुढे खळं. आजी पेंढा रचत होती आणि पोर बाळाला कडेवर घेऊन उभी होती, कंबर एका बाजूला पार वाकवून. मला बघून हसली. मी आधी वाटेतल्या शाळेत तिच्या गुरुजींना भेटून आले होते. तरुण मुलगा आहे, सगळे वर्ग एकटाच सांभाळतो. म्हणाला, ‘नाव आहे पटावर. आठवड्यात एखाददोनदा येते, बाळाला घेऊनच. मी बसू देतो, मॅडम. याहून जास्त काय करू?’

मी बाळाला माझ्या मांडीवर घेतलं आणि तिला विचारलं, ‘संध्याकाळी बसतेस का गं?’

‘पहिल्यांदा बसायची.’

‘मग आता?’

तिने आजीकडे बघितलं. आजी लांब होती. मग म्हणाली, ‘बसलं की आई शेजारी न्हाई, ते कळतंया. काम करताना न्हाई कळत. म्हनून न्हाई बसत.’

मी पिशवीतून गोष्टींचं पुस्तक काढून तिच्यापुढे ठेवलं. तिने एक पान वाचायला घेतलं. श्रावणात जी जोडाक्षरं ती सरळ वाचायची, तिथेच आता पुन्हा अडत होती. प्रत्येक शब्दाशी ती माझ्या तोंडाकडे बघत होती. पान संपायच्या आत बाळ रडायला लागलं, तिने सवयीने हात पुढे केले आणि माझ्याकडून ते घेतलं. खालून जीपवाल्याने हॉर्न वाजवला.

परतीच्या वाटेवर मला तुमचा राग आला, बाई. मला वाटायचं तुम्ही मला सवय लावलीत आणि सवयीने मला तारलं. पण मला आई होती. मी भिंतीकडे तोंड करून बसायची तेव्हा तिच्या भाकरीचा आवाज मागे चालू असायचा. शेजारी बसणारं माणूसच गेलं तर लावलेली सवयच मुलाला टोचायला लागते, हे तुम्हाला माहीत होतं का? माहीत असेल तर सांगितलं का नाहीत? तुम्ही गेलात तेव्हा मी शिकवायलाही लागले नव्हते, हे विचारायचं मला सुचणार तरी कसं?

परवा पुन्हा सभा झाली. ‘आईने शेजारी बसावं’ हे वाक्य या वेळी माझ्या तोंडून निघेना. मी म्हटलं, बापाने बसावं, आजोबाने बसावं, आलटून पालटून बसा, शेजारच्या पोराला आपल्या ओट्यावर घ्या, एकाच माणसावर सोडू नका. मागून एकजण म्हणाला, ‘मॅडम, येवडी मानसं कुठनं आनायची?’ काही जण हसले. दोन-तीन घरांत ओट्यावर एकत्र बसणं सुरू झालं आहे. किती दिवस टिकेल, सांगता येत नाही.

हे लिहून मी कपाटात ठेवून देईन. कुणाला वाचून दाखवण्यासारखं यात काही नाही. फक्त एक राहिलं आहे. निघताना मी त्या पोरीला म्हटलं होतं, संक्रांतीला परत येते. संक्रांत गेली, शिमगाही झाला. सुट्ट्या होत्या, एसटीही होती. मी गेले नाही. पुन्हा तिच्यापुढे पुस्तक ठेवलं आणि तिने ते उघडलंच नाही, तर मी काय करायचं ते मला माहीत नाही, आणि मला जायची भीती वाटते.