चारुता मॅडम आणि तोंडातला घोट

वाळूज, औरंगाबाद
एप्रिल २०१६

ती. अमृताताईस,
अभयचा सविनय जयभीम.

तुझा गुडघा आता कसा आहे? पुण्यात पाणी पुरतंय ना? इथं आम्ही सगळे खुशाल, आणि कारखानाही चालू. तो चालू राहिला तो तुझ्यामुळं, म्हणून हे पत्र.

चारुता मॅडमना तू माझ्या कोचिंगसाठी पाठवलंस, तेव्हा मी मनातून चिडलो होतो. (कोचिंग म्हटलं की मला दहावीचं गणित आठवतं.) शहर वाढतंय, वर दुष्काळ, प्रत्येक नव्या इमारतीला पाण्याच्या टाक्या हव्यात, आणि टाक्या बनवणारे आपण. मालकाला शिकवायचं काय उरलं? पण माल वेळेवर निघत नव्हता आणि मी दिवसभर ओरडत होतो, हेही खरं. मॅडम एका मीटिंगला कोपऱ्यात बसल्या. नंतर विचारलं, "आज तुमच्याशिवाय कोण बोललं?" मी पुष्कळ आठवून पाहिलं. पंखा तेवढा कुरकुरला होता.

त्यांचं सांगणं एवढंच : पुढच्या वेळी शेवटी बोला, आणि अगदीच राहवलं नाही तर "अजून काय?" इतकंच विचारा. मला ते जमेना, म्हणून मी तोंडात पाण्याचा घोट धरून बसलो. दुपारपर्यंत कारखानाभर झालं, साहेबांना घशाचं काहीतरी निघालंय. स्टोअरच्या आशाबाईंनी हळदीचं दूध आणून ठेवलं. अकाउंटंटनं हळूच चौकशी केली, की आता सह्या कोण करणार.

त्याच्या पुढच्या मीटिंगला मोतीराम उभा राहिला. (आपला प्रॉडक्शन मॅनेजर. पत्र्याच्या शेडपासून माझ्यासोबत आहे, तुला माहीतच आहे.) म्हणाला, "साहेब, मी महिनाअखेर चाललो. दुसरीकडं बोलणं झालंय." माझा घोट भलतीकडं गेला. मी खोकत सुटलो, आणि राजीनामा देणारा माणूस माझी पाठ चोळू लागला. श्वास जागेवर आल्यावर तोंडातून निघालं ते मॅडमचंच वाक्य. अजून काय?

मग तो बोलला. समोरचा चहा पार गार झाला. ज्या कामगारांना मी दांडीबहाद्दर म्हणून परत पाठवत होतो, ते नळाच्या दिवशी घरी थांबत होते. "मुकुंदवाडीत त्या दिवशी पाणी भरलं नाय, तर पुढच्या पाळीपर्यंत घर कोरडं. लई वेळा सांगायला आलो साहेब. तुम्ही मलाच शिस्त शिकवून पाठवलं."

मी म्हटलं, "मग तूच शिफ्ट लाव." त्यानं वस्तीवस्तीच्या नळाचे दिवस विचारून शिफ्ट लावल्या. आता गाड्या वेळेवर निघतात, आणि मोतीराम राहिला. राहतो म्हणाला त्या दिवशी आम्ही एका डब्यात जेवलो. किती वर्षांनी, ताई. तुझे आणि मॅडमचे उपकार मी विसरणार नाही.

तुझा धाकटा,
अभय

ता. क. : तो प्रश्न मी घरीही विचारून पाहिला. तुझी भावजय गाऱ्हाणी सांगतेय, ती अजून आमच्या लग्नाच्या पंगतीतच आहे.

आणखी एक ता. क. : पत्राचं खरं कारण बाबा. गंगापूरची विहीर आटल्यापासून आपण दोघं त्यांच्या मागं लागलोय, शहरात फ्लॅटवर या म्हणून. परवा मी पहिल्यांदाच विचारलं, तुमच्या मनात काय आहे? म्हणाले, "अमृता आली म्हणजे सांगीन." तर रविवारी गावी ये. फ्लॅटचा विषय मी काढणार नाही, तूही काढू नकोस. हे फोनवरच सांगणार होतो, पण तुझ्याशी फोनवर माझी पाळी येत नाही.