सासूबाई कवेलूंवर चढल्या त्याची हकीगत

मु. मोहटोला, अहेरीजवळ, जि. चांदा
मे १९५७

श्रीयुत देवाजीभाऊ यांस, तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा गुणवंत याचा रामराम. वडशाच्या उन्हात तुमची, वहिनींची आणि लेकरांची तब्येत चांगली असेल असं धरून चालतो. इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत, माझी उजवी मांडी तेवढी सोडून.

तुमचं कार्ड मिळालं. मायले आणखी किती दिस ठेवून घेता, असं तुम्ही विचारलं आहे, आणि अक्षर पाहून वाटतं की रागातच विचारलं आहे. भाऊ, मी सासूबाईंना ठेवून घेतलेलं नाही. तुमचं कार्ड आलं तेव्हा त्यांना खाली उतरवायचा प्रयत्न करत होतो. त्या आमच्या घरावर होत्या.

घरावर म्हणजे छपराच्या कवेलूंवर. तुम्ही वडशाला घरावर टिना टाकल्या आणि सासूबाई चैतात इकडे निघून आल्या, याचा अर्थ तुम्ही राग असा लावला. पण लेकीजवळ, कमळाजवळ, त्या एवढंच बोलल्या की, "दरसाल उन्हाळ्यात घर फेरायचं, फुटकं कवेलू काढायचं, नवं लावायचं. आता टिनाखाली मले काई कामच नाई. खाटेवर पडून आवाज आयकू का?" (माझ्याजवळ त्या बोलल्या नाहीत. तुम्हाला ठाऊकच आहे, लग्नाला बारा वर्षं झाली, पण जावयाशी तोंडानं बोलायचं नाही हा नेम त्यांनी एकदाही मोडला नव्हता. काही सांगायचं असलं तर कमळाच्या मार्फत. कमळा नसली तर गाईला. मी शेतातून आलो की त्या गाईला विचारत, "जेवण झालं का नाई?" गाय तोंड फिरवायची, आणि मी हो म्हणायचो.)

आता मुख्य गोष्ट. आमचं घर दर उन्हाळ्यात लटारू फेरून देतो. पण यंदा तेंदूपत्ता चांगला आला आणि लटारूसकट सारं गाव पहाटेच जंगलात जायला लागलं. मागच्या दिवाळीच्या सुमारास आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला म्हणतात, पण मुंबईहूनही कोणी कवेलू फेरायला आलं नाही. मी म्हटलं, राहू दे, एक साल घर फेरलं नाही तर काय बिघडतं? हे मी कमळाला म्हटलं, पण आवाज जरा मोठा होता.

दुसऱ्या दिवशी मी ओसरीत पडलो होतो तर डोक्यावर खरडल्याचा आवाज. वानर आलं समजून काठी घेऊन बाहेर धावलो. पाहतो तो वळचणीला शिडी लावलेली, आणि वर सासूबाई, लुगडं खोचून, हातात खराटा, कवेलूंच्या नाळीतला पाला ओढून काढताहेत. सत्तरीची बाई! अंगणात जंगलातून परतलेल्या बाया जमल्या. सासू घरावर आणि जावई खाली काठी घेऊन उभा, हे चित्र बरं दिसेना, म्हणून मीही चढलो.

तिथून पुढचं काम कसं चाललं ते ऐका. सासूबाई माझ्यापासून चार हातांवर. त्या खाली पाहून ओरडत, "कमळे, जवाईबापूले सांग, कवेलूवर पाय नोको देऊ म्हणा, खालच्या लाकडाच्या फाट्यावर द्या म्हणा!" कमळा अंगणातून वर पाहून तेच मला ओरडून सांगत असे. मला पहिल्यांदाच ऐकू आलेलं असे, पण कमळाचं सांगून होईपर्यंत मी थांबत होतो, कारण रीत ती रीत. असं तासभर निभावलं. मग कमळाला चुलीवरची डाळ आठवली आणि ती आत गेली.

नेमका त्याच वेळी मी पाय उचलला. सासूबाईंनी माझ्या पायाकडे पाहिलं, मग अंगणात पाहिलं. कमळा नाही. मग गोठ्याकडे पाहिलं. गाय चरायला गेलेली. त्यांचं तोंड उघडत होतं आणि मिटत होतं, ते मला अजून दिसतं. मी पाय ठेवला. कडाड आवाज झाला आणि माझी उजवी तंगडी मांडीपर्यंत थेट सैपाकघरात. (कमळा सांगते, चुलीवरच्या डाळीच्या गंजावर वरून एकदम पाय आला, आणि धोतराच्या ठिगळावरून तिनं तो ओळखला.)

आणि मग बारा वर्षांत पहिल्यांदा सासूबाई माझ्याशी बोलल्या. "अरे गधड्या, हलू नोको! सडली हाये ते कमची!"

सासूबाईंनी तोंडावर पदर धरला. मी तसाच लटकलेला. मग त्यांनी बहुधा ठरवलं की आता बोललोच आहोत. त्या फाट्यावरून सरपटत आल्या, माझ्या दंडाला धरून मला वर ओढलं, आणि तेव्हापासून आजपर्यंत त्या थांबलेल्या नाहीत. भाऊ, बारा वर्षांचं बोलणं साठलेलं होतं!

ते भोक पडलं ते बरंच झालं. आतलं पाहून मीच घाबरलो. पाला कुजून माती झालेली, तिच्यात गवत उगवलेलं, खालच्या बांबूच्या कमच्या उधईनं पोखरलेल्या. आणखी एक पावसाळा गेला असता तर आमचं छतच खाली आलं असतं. मग रोज सकाळी आम्ही दोघं वर. फुटकं कवेलू चांगल्याखाली लपवलं की पाणी बरोबर तिथूनच घरात येतं, हे मला त्यांनी इतक्या वेळा सांगितलं की झोपेतही मी तेच पुटपुटतो, असं कमळा म्हणते. नव्या कमच्यांना करंजाचं तेल चोळलं. मी हौसेनं सैपाकघराला नवी धुरकांडी करणार होतो, तर म्हणाल्या, "धूर घरात राहू दे, धुरानं उधई पळते." (माणसंही पळतात, पण ते मी बोललो नाही.) मात्र त्यांचं सगळंच बरोबर असतं असं समजू नका. घरावर आलेली चिंचेची फांदी तोडायचा हुकूम त्यांचाच. मी म्हणत होतो, आधी दोर बांधू. त्या म्हणाल्या, "बांधायचं काई काम नाई, अंगणात पडते." फांदी अंगणात पडली नाही. आठवडाभर खपून फेरलेल्या बाजूवर पडली आणि टोपलीभर कवेलूंचा चुरा झाला. त्या फांदीबद्दल सासूबाई बोलत नाहीत. बाकी सगळ्याबद्दल बोलतात.

आता घर फेरून झालं आहे. तेव्हा मृग लागण्याआधी तुम्ही सर्व्हिस मोटारीनं यावं आणि त्यांना घेऊन जावं. काल वारा सुटला तर म्हणाल्या, "देव्याच्या टिना वाजत असतीन." आणि डोळे पुसले. धूळ गेली म्हणाल्या. टिनांनाही गंज लागतो, खिळ्यांच्या भोकांना दरसाल डांबर लावावं लागतं. ते काम त्यांना सांगा, त्या राहतील. वहिनींना नमस्कार, लेकरांना गोड पापा, आणि चुकलंमाकलं पोटात घ्या.

तुमचा,
गुणवंत

ता. क. वरचं पत्र सासूबाईंनी मोठ्यानं वाचायला लावलं, म्हणून तसं लिहिलं. आता त्या विहिरीवर गेल्या आहेत, म्हणून खरं लिहितो. भाऊ, येऊ नका. निदान दिवाळीपर्यंत तरी नाही. माझी माय मी लहान असताना गेली. तिच्यानंतर मला गधड्या म्हणणारं कोणी नव्हतं.

ता. क. दुसरा. त्या कशा थांबतील याची काळजी करू नका. गोठ्याचं छत पार ठणठणीत होतं. काल दुपारी सगळे झोपलेले पाहून मी वर चढलो आणि दोन ओळी कवेलू हातानं फोडले. आता गोठाही फेरावा लागणार. हे मायलेकींना कळू देऊ नका.

ता. क. तिसरा. दादा, मी कमळा. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून लिहिते. काल आम्ही झोपलो नव्हतो. मायनं पण पाहिलं. ती म्हणते, "फोडायचेच होते तं चांगले काऊन फोडले? तडकलेले निवडायचे."